भाड्याचें घर आणि औषधी भांगेचें रोप

नागपूरसारख्या शहरांत स्वतःचें घर नसलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत. कोणी बदलीच्या नोकरीमुळें आलेलें असतें, कोणी मुलांच्या शिक्षणासाठीं. कोणी तर केवळ आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयाजवळ राहतां यावें एवढ्याचसाठीं दोन खोल्या घेऊन राहतें. अशा बिऱ्हाडाच्या गच्चीवर चार कुंड्या असणें हें नित्याचें दृश्य आहे. एकींत तुळस, दुसरींत कढीलिंब, तिसरींत गवती चहा आणि चौथींत कोरफड. घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे दारच्या झाडपाल्याकडे हात जावा, ही आपल्या समाजाची जुनी संवय आहे आणि तींत वावगें असें कांहीं नाहीं. प्रश्न उत्पन्न होतो तो पांचव्या कुंडीचा. त्या कुंडींत भांगेचें रोप असेल, तर काय?

उदाहरणादाखल एक कुटुंब कल्पूं या. आई कर्करोगानें अंथरुणास खिळलेली आहे. मुलगा नोकरी सांभाळून तिची शुश्रूषा करितो. परदेशांत या झाडापासून केलेलीं औषधें डॉक्टर लिहून देतात, असें त्यानें कोठें तरी वाचलेलें असतें. कोणीतरी बीं आणून देतें आणि गच्चीच्या कोपऱ्यांत दोन रोपें डोकें वर काढतात. एके दिवशीं वृद्ध घरमालक पाण्याची टाकी पाहावयास वर येतात.

"बाबू, हें रोपटें कसलें? पानें तर अंबाडीसारखीं दिसतात."

"काकाजी, आईच्या औषधासाठीं लावलें आहे. तिला रात्र रात्र झोंप नसते. विकायचें नाहीं, कोणाला द्यायचें नाहीं."

"तें खरें रे बाबू; पण घर माझ्या नांवाचें आहे ना!"

या तीन वाक्यांत सर्व प्रश्न सामावला आहे. मुलाच्या हेतूंत खोट नाहीं आणि म्हाताऱ्या मालकाच्या भीतींतही खोट नाहीं. एकाच्या डोळ्यांपुढें आईचें दुखणें आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें आयुष्यभराच्या कमाईनें बांधलेलें घर. या दोघांच्या मध्यें कायदा कोठें उभा आहे आणि औषध कोठें मिळतें, हें समजून घेणें म्हणूनच अगत्याचें आहे.

प्रथम त्या झाडाचा परिचय करून घेऊं. भांग, गांजा आणि चरस हीं तीन निरनिराळ्या वनस्पतींचीं नांवें नव्हेत. झाड एकच आहे. त्याच्या पानांची होते ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. आणि झाडांतून पाझरणारी चिकट राळ म्हणजे चरस. आयुर्वेदांत या वनस्पतीस विजया असें नांव आहे. शार्ङ्गधरसंहितेंत अफूबरोबर भांगेचा उल्लेख येतो, आणि जातिफलादि चूर्णासारख्या प्रसिद्ध योगांत ती आजही पडते. अर्थात् हें झाड औषधी आहे, हें मुलाचें म्हणणें निराधार नाहीं.

पाश्चात्य वैद्यकासही या झाडाची ओळख हिंदुस्थानानेंच करून दिली. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील विल्यम ब्रुक ओशॉनेसी या डॉक्टरानें येथील वैद्य-हकिमांकडून माहिती मिळविली, प्रथम जनावरांवर प्रयोग केले, मग धनुर्वात, संधिवात व आंकडी यांच्या रोग्यांवर औषध वापरून पाहिलें आणि १८३९ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या नोंदींतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जलसंत्रासाचा एक रोगी या औषधानें वांचला नाहीं. परंतु त्याच्या शेवटच्या यातना मात्र सौम्य झाल्या. रोग बरा करणें निराळें आणि दुःख हलकें करणें निराळें. या झाडाचा आजचाही मुख्य दावा दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि आजारी आईच्या मुलास हवें असतें तेंही तेवढेंच.

सरकारनें या झाडाकडे कसें पाहिलें, याचाही इतिहास बोधप्रद आहे. १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक मोठें चौकशीमंडळ नेमलें. त्याच्या सात सभासदांत मध्यप्रांताच्या सेवेंतील ए. एच. एल. फ्रेझर हे एक होते. हेच गृहस्थ पुढें बंगालचे नायब गव्हर्नर झाले. मंडळानें ११९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ सालीं अहवाल सादर केला. मर्यादित सेवनापासून फारसा अपाय होत नाहीं, अतिसेवन मात्र घातक आहे. सरसकट बंदी इष्ट नाहीं, परंतु कडक नियंत्रण अवश्य असावें, असा त्याचा थोडक्यांत अभिप्राय होता.

या अहवालाचा आधार घेऊन आज पुष्कळजण म्हणतात कीं, पूर्वीं सर्व कांहीं मोकळें होतें; निर्बंध आतांच आले. ही समजूत अर्धवट आहे. नागपूर ही ज्या मध्यप्रांताची राजधानी होती, त्या प्रांतांत गांजाचीं परवान्याचीं दुकानें होतीं हें खरें. पण गांजाची लागवड मात्र वाटेल तेथें करतां येत नसे. ती निमाड जिल्ह्यांतील खंडवा तहशिलींत, परवाना घेतलेल्या शेतकऱ्यानेंच करावयाची आणि पीक सरकारी देखरेखीखालच्या गुदामांत भरावयाचें, अशी व्यवस्था होती. तात्पर्य, ज्या काळीं नागपुरांत गांजा उघडपणें विकत मिळत असे, त्या काळींही नागपूरकरास तो आपल्या अंगणांत लावण्याची मुभा नव्हती. दुकानांतून घेणें आणि घरीं पिकविणें यांत सरकारनें तेव्हांपासूनच भेद केला होता. आजचा पेंच समजण्यास हा भेद फार उपयोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९६१ सालीं, अंमली पदार्थांविषयीं जागतिक करार झाला. त्यांत गांजा व चरस यांवर निर्बंध आले. भांगेचें पान मात्र हिंदुस्थानच्या आग्रहामुळें गांजाच्या व्याख्येबाहेर राहिलें. त्या कराराची जबाबदारी पार पाडण्यासाठीं भारतानें १९८५ सालीं अंमली औषधिद्रव्यें व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा कायदा केला. तो त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरपासून अंमलांत आला आणि आजही तोच चालूं आहे.

या कायद्यांत एक बारकावा आहे, आणि त्यांतच सामान्य माणसाची फसगत होते. कायद्याप्रमाणें गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे बरोबर नसतील तर नुसतीं पानें आणि बिया या व्याख्येंत येत नाहींत. हें वाचून पुष्कळांस वाटतें कीं, फूल येऊं दिलें नाहीं, पानेंच खुडलीं, म्हणजे झालें. परंतु त्याच कलमांत भांगेच्या झाडाची व्याख्या वेगळी दिलेली आहे, आणि ती या जातीच्या कोणत्याही झाडास लागू पडते. आठव्या कलमानें बंदी घातली आहे ती झाड लावण्यासच. पान गांजा नव्हे. पण ज्याचें तें पान, तें झाड परवान्याशिवाय लावणें हा गुन्हा आहे. विसाव्या कलमाप्रमाणें त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. जवळ बाळगलेल्या गांजाच्या बाबतींत वजनावर शिक्षा ठरते. एक किलोपर्यंतचा सांठा अल्प समजला जातो आणि वीस किलोंपासून पुढचा व्यापारी. लागवडीच्या गुन्ह्यास मात्र असा वजनाचा कांटा लाविलेला नाहीं. दोन कुंड्या असोत कीं दोन एकर असोत, कलम एकच. न्यायाधीश शिक्षा देतांना तारतम्य पाहतील. पण तोंवर अटक, जामीन आणि तारखा हें सर्व त्या मुलाच्या कपाळीं येईल आणि आईच्या उशाशीं कोणी उरणार नाहीं.

महाराष्ट्रांत तर पानाचीही सवलत पूर्ण नाहीं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें येथें भांगही परवान्याशिवाय बाळगतां येत नाहीं. उत्तरेंतील कांहीं गांवीं भांगेचीं सरकारमान्य दुकानें पाहून आलेल्या नागपूरकरानें ही गोष्ट विसरूं नये.

आतां घरमालकाकडे वळूं. त्यांनीं स्वतः कांहीं लाविलेलें नाहीं. त्यांचा दोष काय? याचें उत्तर पंचविसाव्या कलमांत आहे. घराचा, खोलीचा किंवा कोणत्याही जागेचा मालक अगर ताबेदार जाणूनबुजून ती जागा या कायद्याखालील गुन्ह्यासाठीं वापरूं देईल, तर त्यास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा सांगितली आहे. शेहेचाळिसावें कलम याच्याही पुढें जातें. आपल्या जमिनींत असें झाड बेकायदा लावलेलें असल्यास जमीनधारकानें तें तात्काळ पोलिसांस किंवा अधिकृत खात्यास कळविलें पाहिजे. जाणूनबुजून कळविण्याचें टाळणें हाही अपराध आहे. या दोन्ही कलमांतील महत्त्वाचा शब्द 'जाणूनबुजून' हा होय. गच्चीवर काय आहे हें ज्या मालकास खरोखरच ठाऊक नव्हतें, त्याची गोष्ट निराळी. परंतु ज्या क्षणीं मुलगा म्हणाला, "काकाजी, आईच्या औषधासाठीं लावलें आहे," त्या क्षणीं काकाजींचें अज्ञान संपलें. मुलानें विश्वासानें सांगितलें आणि त्या विश्वासानेंच वृद्धाच्या पायांत बेडी अडकविली. दया म्हणून डोळेझांक करावी, तर कायदा त्या दयेस संमति म्हणतो.

येथें एका निवाड्याचा उल्लेख करणें न्याय्य होईल. हें झाड आपोआपही उगवतें. ओसाड जागीं, उकिरड्यावर, पांखरांनीं टाकलेल्या बियांतूनही तें रुजतें. २००४ सालच्या वार्तांकग्रंथांत प्रसिद्ध झालेल्या एका निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें असें मानलें कीं, जमिनींत झाडें आढळलीं एवढ्यानेंच लागवड शाबीत होत नाहीं. आरोपीनेंच तीं लाविलीं व जोपासलीं याचा पुरावा पाहिजे. कुंपणापलीकडे आपोआप उगवलेल्या रोपाच्या धास्तीनें कोणी झोंप उडवून घ्यावी असें नाहीं, एवढा दिलासा यांत आहे. पण कुंडी ही आपोआप भरत नाहीं. तींत माती कोणी घातली, पाणी कोण घालतें, हें विचारण्यास फार मोठा तपास लागत नाहीं.

आणि अशी गोष्ट लपून राहतही नाहीं. फुलोरा धरल्यावर या झाडाचा उग्र दर्प शेजारच्या तीन घरांत जातो. बंद खोलींत दिवे लावून झाड वाढवावें, तर विजेचें बिल वाढतें, खोली तापते आणि कोंदट हवेनें भिंतींस बुरशी धरते. नागपूरचा मे महिना आधींच पंचेचाळीस अंशांच्या घरांत जाणारा; त्यांत आणखी दिव्यांची भर! नोव्हेंबर २०२४ मध्यें बेंगळुरांत एका दांपत्यानें बाल्कनींतील शोभेच्या झाडांबरोबर कुंड्यांत हींच रोपें लाविलीं होतीं. बाईंनीं कौतुकानें आपल्या बागेचीं चित्रें समाजमाध्यमावर प्रसिद्ध केलीं, कोणाच्या तरी नजरेनें तीं पानें ओळखलीं आणि पोलीस दारीं आले. त्या प्रकरणांत विक्रीचा हेतु होता असें पोलिसांचें म्हणणें होतें. परंतु दार ठोठावलें जाण्यास दोन कुंड्या पुरेशा झाल्या, हा धडा सर्वांसाठीं सारखाच आहे.

भाडेकरूच्या हक्कांचा विचारही येथेंच केला पाहिजे, कारण भीतीच्या भरांत घरमालकाकडून अतिरेक होण्याचा संभव असतो. नागपुरांत पूर्वीं १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण हुकूम लागू होता. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागीं महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा आला. त्याच्या सोळाव्या कलमांत मालकास जागा परत मिळण्याचीं कारणें दिलीं आहेत. भाडेकरूच्या वर्तनानें शेजाऱ्यांस उपद्रव होत असेल, किंवा जागेचा बेकायदा उपयोग केल्याबद्दल त्यास शिक्षा झाली असेल, तर मालक न्यायालयांतून ताबा मागूं शकतो. 'न्यायालयांतून' हा शब्द अधोरेखित करण्याजोगा आहे. संशय आला म्हणून कुलूप बदलणें, सामान रस्त्यावर टाकणें, पाणी किंवा वीज तोडणें हें मालकास करतां येत नाहीं. एकोणतिसाव्या कलमानें आवश्यक सोयी तोडण्यास बंदी केली आहे. आजारी बाई अंथरुणावर असतांना घराचा नळ बंद करणारा मालक, कायद्यानें कितीही धास्तावलेला असो, स्वतःच दुसऱ्या अपराधाचा धनी होतो.

अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारानें राहणाऱ्यांचें संरक्षण याहून तोकडें आहे. मुदत संपली कीं जागा सोडावी लागते. पण तेथेंही करार लेखी व नोंदलेला असणें आवश्यक आहे, आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी पंचावन्नाव्या कलमानें मालकावर टाकली आहे. जागा कोणत्या कामासाठीं दिली, गच्चीचा उपयोग कोणी व कसा करावयाचा, हें त्या कागदावर आरंभींच स्पष्ट लिहिलें तर पुढील पुष्कळ कटुता टळते.

यावर कोणी विचारील कीं, कायदा असा आहे हें कबूल. पण दुःखानें तळमळणाऱ्या आईनें काय करावें? हा प्रश्न टाळून चालणार नाहीं. ज्या व्याख्यानांत केवळ 'करूं नका' एवढेंच सांगितलें जातें, तें अर्धेंच व्याख्यान होय.

याचें पहिलें उत्तर असें कीं, कुंडींतील झाड हें औषध नव्हे; फार तर औषधाचा कच्चा माल होय. या वनस्पतींत अनेक द्रव्यें आहेत. त्यांतील नशा आणणारें मुख्य द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हें इस्रायलमधील शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. दुसरें द्रव्य कॅनाबिडिऑल; त्यानें नशा येत नाहीं. लहान मुलांच्या कांहीं दुर्धर अपस्मारांवर कॅनाबिडिऑलचें औषध अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालें. पहिल्या द्रव्याच्या जातीचीं औषधें कर्करोगाच्या उपचारानंतर येणाऱ्या ओकाऱ्यांवर वापरतात. परंतु एका झाडांत कोणतें द्रव्य किती आहे, हें पाहून सांगतां येत नाहीं. बीं बदललें, ऊन बदललें, तोडणीचा दिवस बदलला कीं प्रमाण बदलतें. गेल्या शतकाच्या आरंभीं पाश्चात्य वैद्यकानें हें औषध हळूहळू बाजूस सारलें, त्याचें एक कारण हेंच होतें. एका बाटलीनें गुण यावा आणि तसल्याच दुसऱ्या बाटलीनें रोगी बरळूं लागावा, असा अनुभव येई. आधींच अशक्त झालेल्या आणि दहा गोळ्या घेणाऱ्या रोग्यास अंदाजानें मात्रा देणें हा उपचार नव्हे, तो जुगार आहे.

दुसरें उत्तर याहून आशादायक आहे. ज्या वाटेवर कायद्याची धोंड नाहीं, अशा वाटा नागपुरांतच आहेत. औषधिनियमांच्या ज्या परिशिष्टांत आयुर्वेदांतील विषारी द्रव्यांची यादी आहे, तींत भांगेचा समावेश केलेला आहे. म्हणजेच परवाना असलेल्या कारखान्यांत तयार झालेलें विजयायुक्त औषध वैद्याच्या देखरेखीखालीं घेण्याची सोय कायद्यानेंच ठेविली आहे. नोंदणीकृत वैद्यानें रोगी पाहून तें लिहून द्यावें, आणि रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरासही त्याची कल्पना असावी. येथें मात्रा ठाऊक असते, बाटलीवर चिठ्ठी असते आणि घरांत झाड लागत नाहीं.

कर्करोगाच्या वेदनेसाठीं तर याहूनही खात्रीचें साधन उपलब्ध आहे. १९८५ च्या कायद्यामुळें मॉर्फिनसारखीं वेदनाशामकेंही रुग्णालयांस मिळेनाशीं झालीं होतीं. परवान्यांच्या कागदांत रोगी तळमळत पडत. ही चूक ओळखून संसदेनें २०१४ सालीं कायदा सुधारला, अत्यावश्यक अंमली औषधांचा स्वतंत्र वर्ग केला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठीं परवान्याची रीत सोपी केली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन इत्यादि औषधें त्यांत येतात. नागपुरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी विभागीय कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्यास राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. दुखणें असह्य आहे, झोंप येत नाहीं, हें डॉक्टरास स्पष्ट शब्दांत सांगून वेदनाशमनाचा उपचार मागणें हा रोग्याचा अधिकार आहे. आपल्याकडे पुष्कळ रोगी, विशेषतः बायका, 'थोडें दुखतें' एवढेंच सांगतात. घरच्या मंडळींसही वाटतें कीं, मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला. ही भीति खोटी आहे. योग्य मात्रेनें दिलेलें मॉर्फिन रोग्यास मारीत नाहीं. तें त्याला बसूं देतें, जेवूं देतें, नातवाशीं चार शब्द बोलूं देतें.

तिसरी गोष्ट कायद्याच्या सुधारणेची. १९८५ चा कायदा सर्वथा बंद दरवाजा नाहीं. औषधी व शास्त्रीय उपयोगाचा अपवाद आठव्या कलमांतच आहे. दहाव्या कलमानें राज्यसरकारास लागवडीस परवानगी देण्याचा व तिचें नियमन करण्याचा अधिकार आहे, आणि चौदाव्या कलमांत धागा व बीं यांसाठीं लागवडीची तरतूद आहे. उत्तराखंडानें २०१८ सालीं औद्योगिक लागवडीस परवाना देण्यास आरंभ केला. जम्मूच्या सरकारी औषधसंशोधन संस्थेनें आपल्या प्रक्षेत्रावर औषधासाठीं या झाडाची शास्त्रीय लागवड केली आहे. डिसेंबर २०२० मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें २७ विरुद्ध २५ मतांनीं हें झाड अतिधोकादायक द्रव्यांच्या यादींतून काढलें. त्या ठरावाच्या बाजूनें भारतानेंही मत दिलें. वारें बदलत आहे यांत शंका नाहीं. पण घरांत, औषधासाठीं, व्यक्तीनें झाड लावावें अशी परवान्याची योजना महाराष्ट्रांत नाहीं. ज्यांना ती असावी असें वाटतें, त्यांनीं आमदारांस लिहावें, वैद्यकीय संस्थांनीं सरकारकडे मागणी करावी. तो सरळ मार्ग आहे. आजाऱ्याच्या नांवानें कुंडी लावून कायदा बदलत नाहीं. फक्त एक कुटुंब उद्ध्वस्त होतें.

परदेशांत हें सर्व मोकळें झालें आहे, असाही एक समज आहे. जर्मनींत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसास घरीं तीन झाडें लावतां येतात. कॅनडांत २०१८ पासून एका घरांत चार झाडांची मुभा आहे. परंतु त्याच कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें घरगुती लागवडीस बंदी केली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं ती उचलून धरली. ज्या देशांत कायद्याची अडचण उरली नाहीं, तेथेंही भाडेकरू आणि घरमालक यांचा वाद उरलाच आहे. ओल, बुरशी, दर्प, विजेच्या तारांवरील भार, घरांतील लहान मुलें, हे प्रश्न कायदा बदलल्यानें मावळत नाहींत. भाड्याच्या घरांत भिंत दुसऱ्याची असते, ही साधी गोष्ट जगभर सारखीच आहे.

आतां त्या गच्चीवरच्या दोघांकडे पुन्हा पाहूं. मुलानें काय करावें? रोप वाढण्याची वाट न पाहतां वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि आईस घेऊन वेदनाशमनाच्या डॉक्टरांकडे जावें. घरमालकांनीं काय करावें? पाहिलें न पाहिलेंसें करूं नये. तो मार्ग त्यांच्यासाठीं सर्वांत धोक्याचा आहे. कायद्यानें कळविण्याचें कर्तव्य घातलेलें आहे. तें कसें पार पाडावें, हें त्यांनींही त्याच दिवशीं वकिलास विचारावें. मात्र आजारी बाईचें पाणी तोडूं नये आणि शेजारीपाजारी बोभाटा करूं नये. शक्य तर त्यांनीं आणखी एक गोष्ट करावी, जी कोणत्याही कलमांत लिहिलेली नाहीं. रुग्णालयांत जाण्याच्या दिवशीं त्या मुलाबरोबर रिक्षांत बसावें. एकट्या माणसाला दुःख अधिक भारी होतें, आणि एकटा माणूसच बहुधा असल्या आडवाटा धरतो.

दुसऱ्याच्या घरांत राहणें म्हणजे नुसतें भाडें देणें नव्हे. आपल्या कृत्याचा भार घर देणाऱ्याच्या माथ्यावर पडूं नये, ही त्या करारांतील न लिहिलेली अट आहे. आणि घर देणें म्हणजे नुसतें भाडें घेणें नव्हे. आपल्या छपराखालचें माणूस कण्हत असेल, तर तें ऐकूं येणें ही त्याच करारांतील दुसरी न लिहिलेली अट आहे. या दोन्ही अटी ज्या घरांत पाळल्या जातात, त्या घराच्या गच्चीवर तुळस, कढीलिंब, गवती चहा आणि कोरफड या चार कुंड्या पुरेशा होतात. पांचव्या कुंडीचें काम वैद्याच्या चिठ्ठीनें आणि रुग्णालयाच्या औषधानें होतें.